रीडिंग आलं, अर्थिंग नव्हतंच

डोंबिवली पूर्वेतली १९८४ सालची चारमजली इमारत. दुसऱ्या मजल्यावर निवृत्त नवरा-बायको राहतात. मी त्यांना काका-काकू म्हणतो, कारण माझ्या आईचं आणि काकूंचं माहेर एकाच आळीतलं. मी विजेची कामं घेणारा परवानाधारक ठेकेदार. जुलैतल्या एका रात्री साडेनऊला काकांचा फोन आला. "अरे, हिला मशीनचा शॉक बसला. दवाखान्यात आहोत. ईसीजी बरा आलाय म्हणतायत, पण रात्रभर ठेवून घेतलंय. तू सकाळी घर बघशील का?"

कपडे धुण्याचं ते मशीन तीन आठवड्यांपूर्वीच आलेलं होतं. आठ किलोचं, समोरून उघडणारं, आत दोन हजार वॉटचा हीटर. बसवताना कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता आणि दुसऱ्या खेपेला त्याने फॉर्मवर 'अर्थिंग ओके' असं लिहून सही केली होती. तो फॉर्म काकांनी वॉरंटी कार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. सकाळी मी गेलो तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी तोच माझ्यासमोर धरला.

मशीन सदोष नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. मी ते नंतर मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने तपासलं, इन्सुलेशन ठणठणीत होतं. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच. यात कुठलीही वस्तू एकटी बिघडलेली नव्हती, आणि ज्याने त्याने आपापलं काम बऱ्यापैकी नेकीने केलं होतं.

पहिली खेप, दुसरी खेप

पहिल्या खेपेला कंपनीच्या पोराने मोरीजवळच्या पॉवर पॉइंटमध्ये मीटर लावला. काकांनी आकडे कॅलेंडरवर टिपून ठेवले होते, त्यांना ती सवय आहे. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) यांच्यामध्ये २२८ व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये १४०, न्यूट्रल आणि अर्थमध्ये ८६. पोराने सांगितलं, अर्थिंग करून घ्या, नाहीतर मी मशीन चालू करणार नाही. अगदी बरोबर सांगितलं.

ते १४० आणि ८६ कुठून आले, हे थोडं समजून घ्यायला हवं. घरातली अर्थची तार कुठेच जमिनीला जोडलेली नसली की ती अधांतरी असते. फ्रिज, मायक्रोवेव्ह, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स अशा वस्तूंमधून, विशेषतः आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून, अगदी बारीक प्रवाह बॉडीवर येत असतो. चांगलं अर्थिंग असेल तर तो निमूट जमिनीत जातो. नसेल तर बॉडी फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये कुठेतरी लोंबकळत राहते. त्या प्रवाहाने माणूस मरत नाही, कारण तो मिलिअँपिअरपेक्षाही कमी असतो. पण हात लावला की चुणचुण होते. काकू दोन वर्षं म्हणत होत्या, फ्रिज चुणचुणतो म्हणून. त्यावर घरात उपाय काय झाला, तर फ्रिजसमोर पायपुसणं आलं आणि स्वयंपाकघरात चपला घालायच्या ठरल्या.

काकांनी नाक्यावरच्या दुकानातून वायरमन आणला. त्याला सांगितलं, "कंपनीचा माणूस पास करेल असं करून द्या." वायरमनने पॉवर पॉइंट उघडला, पंधरा मिनिटांत बंद केला आणि साडेतीनशे रुपये घेतले. जाताना होल्डरला लावलेला बल्ब फेज आणि अर्थमध्ये धरून दाखवला, तो लख्ख पेटला. दुसऱ्या खेपेला कंपनीच्या पोराने परत मीटर लावला. फेज-अर्थ २२८, न्यूट्रल-अर्थ ०.०. फॉर्मवर सही झाली, मशीन फिरलं, काकूंनी पेढे वाटले.

प्लेट उघडल्यावर मला आत दोन इंचांचा काळ्या वायरचा तुकडा दिसला. एक टोक न्यूट्रलच्या स्क्रूत, दुसरं अर्थच्या. आमच्या धंद्यात याला लूप मारणं म्हणतात. मी नवशिका असताना एका जुन्या मिस्त्रीने मला हे मोठ्या प्रेमाने शिकवलं होतं, त्यामुळे त्या वायरमनवर फार ओरडायचा अधिकार मला नाही.

त्या तुकड्याने नेमकं काय केलं

न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतोच, मग घरात जोडला तर बिघडलं कुठे? काकांनी हाच प्रश्न विचारला, आणि ते बँकेत होते, विजेशी संबंध नाही. प्रश्न चांगला आहे. उत्तर असं की तिकडे तो उगमापाशी जोडलेला असतो. तुमच्या सॉकेटपर्यंत येताना तोच न्यूट्रल खांबावरचा जोड, मीटरचे स्क्रू, मेन स्विच, बोर्डातली पट्टी अशा डझनभर ठिकाणी जोडलेला असतो, आणि यातला एकही जोड निसटला की त्याच्या अलीकडचा न्यूट्रल हा न्यूट्रल राहत नाही. चालू असलेल्या दिव्या-गिझरांमधून फेज त्याच्यावर येऊन बसतो. एरवी ते आत इन्सुलेशनखाली झाकलेलं राहतं. घर अंधारात जातं, एवढंच. लूप मारलेला असेल तर तोच फेज मशीनच्या पत्र्यावर येतो. अर्थिंगचं काम बॉडीवरची वीज जमिनीकडे न्यायचं. लूपने ती वाट उलटी केली.

आणि काकांच्या घरात ती फक्त मशीनच्या पत्र्यावर आली नव्हती. लाकडी पट्टीच्या जुन्या वायरिंगमध्ये अर्थसाठी एक उघडी, चौदा गेजची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार सगळ्या पॉइंटमधून फिरवलेली असायची. ती इथेही होती आणि आतून सलग होती. म्हणजे मोरीतल्या एका सॉकेटात मारलेल्या लूपने फ्रिज, गिझर, मिक्सरचा पॉइंट, सगळ्यांच्या बॉडी न्यूट्रलला बांधल्या गेल्या. काकू त्या रात्री मशीनऐवजी फ्रिजकडे गेल्या असत्या तर शॉक फ्रिजचा बसला असता.

त्या संध्याकाळी

आता न्यूट्रल सुटला कसा. घराचा मेन स्विच मूळचा, लोखंडी डब्याचा, आत दोन किटकॅट, म्हणजे चिनीमातीचे, ओढून काढता येणारे फ्यूज. एक फेजचा, एक न्यूट्रलचा. न्यूट्रलमध्ये फ्यूज ठेवू नये हे १९५६च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ३२व्या नियमातच होतं आणि नंतरच्या नियमावल्यांतही कायम आहे: न्यूट्रल तोडायचा तर फेजबरोबर एकदमच तुटला पाहिजे, एकटा नाही. तरीही त्या काळच्या इमारतींमध्ये हे दोन किटकॅटवाले डबे सर्रास सापडतात. हँडल ओढलं की दोन्ही एकदम तुटतात, पण फ्यूज जळताना एकेकटा जळतो.

मशीन येण्याआधी या घराचा जास्तीत जास्त भार म्हणजे गिझर, फ्रिज आणि पंखे. दोन हजार वॉटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो. बाकी सगळं धरून एकूण अकराच्या आसपास. मशीनचा हीटर गिझरच्याच वेळी चालू झाला की हा आकडा वीसच्या घरात जातो. किटकॅटच्या पात्या ढिल्या असतील तर तिथे तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. अकराचे वीस झाले म्हणजे उष्णता दुप्पट नव्हे, सव्वातीन पट. न्यूट्रलचा किटकॅट मी बाहेर काढला तेव्हा चिनीमातीवर काळा डाग होता, पातीचं पितळ निळसर पडलेलं होतं. तो एका रात्रीत जळला नव्हता, तीन आठवडे भाजत होता.

रात्री आठच्या सुमाराला काकूंनी साठ अंशांवर चादरी लावल्या होत्या. गिझर चालू होता. लाइट गेली. खिडकीतून समोरच्या घरात दिवे दिसत होते, म्हणून काका टॉर्च घेऊन फ्यूज बघायला निघाले. काकूंना वाटलं, वीज परत येताना मशीनला झटका नको, प्लग काढून ठेवू. त्यांनी मशीनच्या मागे हात घातला. मोरीतली लादी ओली, पाय अनवाणी.

त्या क्षणी मशीनचा पत्रा गिझरच्या कॉइलमधून थेट फेजला जोडलेला होता. दोन हजार वॉटच्या कॉइलचा रोध जेमतेम २६ ओहम. ओल्या माणसाच्या शरीराचा हजार-दीड हजार. म्हणजे कॉइलमुळे काहीच अडत नव्हतं, जवळपास सगळे २३० व्होल्ट त्यांच्या वाट्याला. साधारण दहा मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. तीस-पन्नासच्या पुढे प्रवाह थोडा वेळ जरी टिकला तरी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

त्या वाचल्या याचं मला जे कारण दिसतं ते असं. मशीनचा समोरचा आणि बाजूचा पत्रा रंगवलेला असतो. मागच्या बाजूला मात्र स्क्रू आणि पत्र्याची उघडी कड. काकूंच्या कोपराखाली, हाताच्या बाहेरच्या बाजूला, ती कड टेकली. तळहात असता तर मूठ आवळली गेली असती. इथे आकडी आल्यावर हात कडेपासून दूर फेकला गेला आणि त्या भिंतीवर आदळल्या. कोपर सुजलं, बाकी काही नाही. नशीब या शब्दाचा मला तिटकारा आहे, पण दुसरा शब्द नाही.

शेजारचा मुलगा धावत आला तेव्हा काका मशीनला हात लावायच्याच बेतात होते. त्याने त्यांना मागे खेचलं आणि मेनचं हँडल खाली ओढलं. नंतर मला म्हणाला, "मी आधी टेस्टर लावून बघितला होता, दादा. तिन्ही भोकांत पेटत होता. लाइट नाही आणि तिन्ही भोकांत टेस्टर पेटतो, मला काही कळेना."

हे वाक्य मी मुद्दाम त्याच्याच शब्दांत लिहितो आहे. घर अंधारात आणि टेस्टर फेजच्या भोकातही पेटतो, न्यूट्रलच्या भोकातही, म्हणजे न्यूट्रल सुटला आहे. अर्थच्या भोकातही पेटला, म्हणजे घरातल्या कुठल्याही धातूला हात लावायचा नाही, सरळ मेन बंद करायचा.

मुळाशी काय होतं

लूप का मारावा लागला? अर्थ नव्हता म्हणून. मग इतकी वर्षं काय होतं? इथे मला अर्धा दिवस लागला. ती चौदा गेजची तार मी पट्टीबरोबर माग काढत काढत स्वयंपाकघरात आणली. ओट्याखाली, सिलिंडरच्या मागे, ती एका लोखंडी क्लँपला येऊन संपत होती. क्लँप हवेत लोंबत होता. शेजारून पिवळट रंगाचा सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिकचा पाइप गेला होता.

१९८४ साली या घरांचं अर्थिंग नळाच्या जीआय पाइपाला क्लँप मारून केलेलं होतं. त्या वेळी बऱ्याच ठिकाणी हेच चालायचं. पाइप लोखंडी, खाली जमिनीत गेलेला, बरं वाईट काम भागत होतं. दोन वर्षांपूर्वी सोसायटीने गंजलेले पाइप काढून प्लॅस्टिकचे टाकले. प्लंबरने विचारलंही होतं म्हणे, ही तार कशाची? काका बाहेरगावी होते, कुणीतरी म्हणालं, जुनीच आहे, राहू दे बाजूला. त्या दिवशी सोळाच्या सोळा घरांचं अर्थिंग गेलं. त्यानंतर चारेक दिवसांत काकूंचा फ्रिज चुणचुणायला लागला असणार. पाणी मात्र सगळ्यांना जोरात येत होतं, त्यामुळे सर्वसाधारण सभेत प्लंबरचं अभिनंदन झालं.

कुणाला दोष द्यावा, हा प्रश्न मला फार रुचत नाही, पण एक गोष्ट खटकते. कंपनीच्या पोराच्या फॉर्मवर एकच चौकट होती: न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज, तीनपेक्षा कमी. वायरमनने ती चौकट भरण्यापुरतंच काम केलं, कारण त्याच्याकडे मागणीच तेवढी होती. आणि जो आकडा पाहून सगळे खूश झाले, त्या ०.० नेच खरं तर शंका यायला हवी होती. खऱ्या अर्थिंगमध्ये गिझर चालू करून मीटर लावा, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट दिसतातच, कारण न्यूट्रलमधून प्रवाह वाहतो आणि त्या तारेत थोडा दाब पडतो. भार चालू असतानाही आकडा ०.० वर चिकटून राहिला तर नव्वद टक्के जवळच कुठेतरी लूप आहे. पेटलेल्या बल्बने काहीच सिद्ध होत नाही, लूपवरही तो तसाच पेटतो. खात्री करायची तर मेन बंद, सगळे प्लग बाहेर, आणि सॉकेटच्या न्यूट्रल-अर्थमध्ये मीटरची पी-पी (दोन टोकं जोडलेली असली की वाजते ती) लावायची. वाजता कामा नये. हे काम मात्र जाणत्या माणसाचं आहे. मेन खरंच दोन्ही बाजूंनी तुटला आहे ना, हे आधी त्याने बघायचं.

दुरुस्ती

इमारतीला मुळात अर्थपिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा, होता की नाही, कुणालाच सांगता येईना. शेवटी मीटर-रूमच्या मागे, पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली तो सापडला. झाकणासकट पुरलेला, पाणी घातल्याला बहुधा दहा वर्षं झालेली. त्याचं पुनरुज्जीवन करण्यापेक्षा बाजूला नवा पाइप अर्थ, म्हणजे जमिनीत पाइप पुरून केलेलं अर्थिंग, घेतला. मीठ-कोळसा घालावा की तयार केमिकल, यावर सोसायटीत दोन तट पडले, ते सोडून देतो. मीटरने रोध ३.२ ओहम आला. जुलैतला ओला डोंबिवलीचा चिखल आहे तो, मेमध्ये परत मोजणार आहे.

आता इथे बरेच जण थांबतात, अर्थ झाला, काम झालं. काकाही थांबत होते. म्हणून त्यांना कागदावर हिशोब करून दाखवला. समजा उद्या मशीनच्या हीटरची कॉइल फुटून फेज पत्र्यावर आला. प्रवाह आपल्या अर्थमधून जमिनीत जाणार, जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थपर्यंत. वाटेतला एकूण रोध सव्वापाच ओहम धरा. २३० भागिले सव्वापाच, म्हणजे ४४ अँपिअर. सोळा अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीला (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) क्षणात पडायला ऐंशी ते एकशे साठ लागतात. चव्वेचाळीसला ती पडेल, पण तापून, काही सेकंदांनी, कदाचित मिनिटभराने. तेवढा वेळ पत्र्यावर ४४ गुणिले ३.२, म्हणजे एकशे चाळीस व्होल्ट उभे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसासाठी आरसीसीबी लागते. जाणारा आणि येणारा प्रवाह ती सतत ताडून बघते, आणि तीस मिलिअँपिअर कुठे दुसरीकडे गळताहेत असं दिसलं की घड्याळाची टिकटिक व्हायच्या आत तोडून टाकते. त्या रात्री ती असती तर लूप असूनही, न्यूट्रल सुटूनही, काकूंना एक चिमटा बसून सुटका झाली असती.

म्हणून काकांकडे आरसीसीबी आली, तीस मिलिअँपिअरची, आणि ए प्रकारची, कारण आजच्या इन्व्हर्टर मोटरवाल्या मशीनमधून गळणारा प्रवाह साध्या एसी प्रकाराला कधी कधी नीट दिसत नाही. दोन किटकॅटचा डबा गेला, दोन्ही पोल एकदम तोडणारा मेन आला. मीटर-रूमपासून घरापर्यंत सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची फेज, न्यूट्रल आणि तेवढीच हिरवी अर्थ. मशीनला आणि गिझरला चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, प्रत्येकाचा आपला सॉकेट. मशीनचा सॉकेट मोरीच्या बाहेरच्या भिंतीवर, हात पोहोचेल अशा उंचीवर घेतला. म्हणजे प्लग काढायला मागे हात घालावा लागत नाही. या शेवटच्या गोष्टीला खर्च जवळजवळ नाही आणि मला ती सगळ्यात आवडते.

काकांच्या हट्टामुळे सोसायटीने उरलेली घरंही बघू दिली. आणखी तीन घरांत तोच काळा तुकडा सापडला. एका ठिकाणी गिझरच्या सॉकेटात होता. त्या घरचे गृहस्थ म्हणाले, "पण आमच्याकडे काही झालं नाही ना आजपर्यंत." मी त्यांच्यासमोर तुकडा काढला, मीटर लावला, न्यूट्रल-अर्थ ९१ व्होल्ट दाखवले आणि नवी अर्थची वायर ओढेपर्यंत गिझर लावू नका म्हणून सांगितलं. त्यांनी दोन दिवस चुलीसारखं गॅसवर पाणी तापवलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

आरसीसीबीवर एक टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, यंत्रणा पडते की नाही बघायचं आणि परत चढवायची. कुणाच्याच लक्षात राहत नाही. काकूंनी त्याला संकष्टीचा मुहूर्त लावला आहे: चंद्रोदयाच्या आधी, मोदकांचं पाणी उकळायला ठेवलं की बटण. काकांची मालिका बरोबर त्याच वेळी असते, त्यामुळे दर संकष्टीला घरात थोडं भांडण होतं.